मुरण्याची किंमत : शार्दोनेच्या चवीचा दख्खनी इतिहास

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर गेल्या शतकाच्या चाळिशीत ज्या रोमन वस्तू सापडल्या, त्यांतली ही सर्वांत प्रसिद्ध. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथे केलेल्या उत्खननामुळे सातवाहनकालीन कोल्हापूर इतिहासाच्या नकाशावर आले. मूर्तीपुढे सगळेच थांबतात. तिच्यासोबत मिळालेल्या कांस्यपात्रांकडे मात्र फार कोणी पाहत नाही. त्यांत वाइन ओतण्याच्या घाटाची एक सुरईही आहे.

त्या सुरईतून कोल्हापुरात खरोखर कोणी वाइन ओतली का, हे सुरई सांगत नाही. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा ग्रंथ भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आवर्जून नोंदवतो. इटलीच्या वाइनला तिथे पसंती असे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर या आपल्या बाजारपेठांचीही नावे येतात. दख्खनला परदेशी वाइन ठाऊक होती, ती अशी दोन हजार वर्षांपासून.

ती वाइन मात्र मातीच्या उंच, निमुळत्या कुंभांतून येई. कुंभ झिरपू नयेत म्हणून त्यांना आतून राळ लावलेली असे, म्हणून वाइनला चव असलीच तर राळेची असणार. आज जगभरचे जाणकार पांढऱ्या वाइनची जी चव डोक्यावर घेतात, ती म्हणजे ओक लाकडाच्या पिंपात मुरलेल्या शार्दोनेची. त्या काळच्या कोणाही माणसाला ती ओळखता आली नसती. ही चव घडली कशी, आणि महाराष्ट्रात पोचायला तिला इतका उशीर का लागला, हे दोन प्रश्न गेली काही वर्षे माझा पिच्छा पुरवीत आहेत. त्यांचे उत्तर द्राक्षात थोडे आणि माणसाच्या थांबण्याच्या ऐपतीत जास्त आहे, असे मला वाटते. तेच येथे मांडायचे आहे.

पिंप

सुरुवात भांड्यापासून करू. लाकडी पट्ट्या वाकवून, कड्यांनी आवळून केलेले पिंप ही रोमनांची कल्पना नव्हे. गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखातल्या केल्टिक लोकांकडून त्यांनी ती उचलली. मातीचा कुंभ फुटे, जड असे, एकट्यादुकट्याला हलवता येत नसे. पिंप आडवे केले की एक माणूस ते लोळवत नेई. पुढच्या दोन-तीन शतकांत पिंपाने कुंभाला बऱ्याच अंशी हटवले, ते केवळ वाहतुकीच्या सोयीसाठी. लाकूड वाइनला चव देते, हे नंतर हळूहळू लक्षात आले.

मराठीतला ‘पिंप’ हा शब्दही जहाजातूनच आला. पोर्तुगिजांच्या ‘पिपा’ची आपण पिंप केली, जशी त्यांच्याकडून चावी घेतली, पगार घेतला, बटाटा घेतला. नाव आपल्याला मिळाले आणि आपण त्यात पाणी भरले, रॉकेल भरले. पेय मुरवण्याचे भांडे म्हणून पिंप आपल्या घरात कधी आले नाही. ओक हेही आपल्याकडे आडनाव आहे, झाड नाही. त्याची भावंडे हिमालयात ‘बांज’ नावाने वाढतात, सह्याद्रीत नाहीत.

मुरवण्याची विद्या मात्र आपल्याला परकी नव्हती. आयुर्वेदातले द्राक्षासव घ्या. त्यात धायटीची फुले घालतात, मिश्रण आंबते आणि मद्यार्क आपसूक तयार होतो. आसवासाठीचे भांडे आधी तुपाने माखावे, असे जुने ग्रंथ सांगतात. भांडे आतल्या द्रवाशी काही देवघेव करते, ही जाण त्यात आहे. आपली मुरवण औषधाच्या कपाटात राहिली, त्यांची जेवणाच्या मेजावर गेली, एवढाच फरक.

चव

आता त्या चवीकडे येऊ. वाइनविषयी मराठीत लिहिताना एक अडचण होते. चाखण्याची परिभाषा सगळी इंग्रजी-फ्रेंच, आणि तिच्यातली फळे आपण पाहिलेलीही नसतात. पण ओकमध्ये मुरलेली शार्दोने हा सुखद अपवाद आहे. तिच्या बहुतेक गंधांना आपल्या स्वयंपाकघरात जागा आहे.

शार्दोने हे मूळचे अबोल द्राक्ष आहे. मस्कतसारखे ते नाकात शिरत नाही. थंड प्रदेशात पिकले तर हिरव्या सफरचंदाची आणि लिंबाच्या सालीची आठवण देते, उष्ण प्रदेशात अननस आणि पिकल्या फळांकडे झुकते. द्राक्षाचे मुख्य आम्ल टार्टरिक, म्हणजे आपल्या चिंचेतलेच. दुसरे मॅलिक, हिरव्या सफरचंदाला जे आंबटपणा देते ते.

पहिला बदल इथे घडतो. रस आंबून वाइन झाली की काही जिवाणू तिच्यातल्या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातले. दातांना झोंबणारा आंबटपणा जाऊन ताकाचा मऊपणा येतो, आणि त्या घडामोडीत डायअसिटिल नावाचे एक द्रव्य तयार होते. विरजण लावून, दही घुसळून काढलेल्या लोण्याला जो वास येतो, त्यात याच द्रव्याचा मोठा वाटा असतो. इंग्रजी समीक्षक या वाइनला लोण्यासारखी म्हणतात, ती उपमा नाही. रसायन तेच आहे.

दुसरा बदल गाळाचा. आंबवण्याचे काम संपवून मेलेले यीस्ट तळाशी बसते. घाईचा माणूस ते लगेच गाळून टाकतो. बर्गंडीतले लोक वाइन महिनोन्‌महिने त्या गाळावरच ठेवतात आणि मधूनमधून काठीने ढवळतात. त्यातून अंग भरते, ताज्या पावाचा वास येतो.

तिसरा बदल लाकडाचा. पिंप बनवताना पट्ट्या वाकाव्यात म्हणून आत विस्तव पेटवतात आणि आतली बाजू भाजून निघते. त्या भाजण्याने लाकडातली द्रव्ये मोकळी होतात. त्यात व्हॅनिला असते. ओकमधल्या एका लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याचा वास येतो, अमेरिकी ओकमध्ये जास्त, फ्रेंच ओकमध्ये बेताचा. थोडे युजेनॉल असते, जे लवंगेच्या तेलाचा जीव आहे. लाकडातल्या शर्करा करपून जी द्रव्ये होतात, त्यांच्या वासाने कोल्हापूरकराला गुऱ्हाळ आठवावे. काहिलीत रस आटून गूळ उतरायच्या बेतात असतो, तेव्हाचा वास. बर्गंडीतल्या मर्सो गावच्या वाइनला लोक भाजलेल्या हेझलनटची उपमा देतात. ते फळ आपल्या ओळखीचे नाही, पण लोणी कढवल्यावर पातेल्याच्या तळाशी राहणारी खमंग बेरी आहे. मी तीच उपमा देईन.

हे सगळे वेगवेगळे ओळखू आले, तर समजावे की वाइन साधारण आहे. उत्तम वाइनमध्ये लाकूड हे लोणच्यातल्या हिंगासारखे असते. आहे हे कळते, पण बोट ठेवता येत नाही. एक बारकावा इथे सांगण्यासारखा आहे. रस पिंपातच आंबवला तर वाइन कमी लाकडी लागते, आणि स्टीलच्या टाकीत आंबवून मग पिंपात घातली तर जास्त. कारण यीस्ट आंबवता आंबवता लाकडातली काही गंधद्रव्ये बदलून सौम्य करते. शिवाय लाकडातून हवा अगदी थेंबाथेंबाने आत येते आणि वाइनचे कंगोरे झिजवते. पोपटी झाक असलेला रंग सोनेरी होतो. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते, आणि शेवटी लोणी, खोबरे, गूळ सगळे मागे हटून पुन्हा तो चिंचेच्या कुळातला आंबटपणा जिभेवर येतो. तो नसेल तर बाकीचे सारे नुसते तूपकट.

या क्रियेला मराठीत आधीच एक शब्द आहे : मुरणे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, गायकाचा गळा मुरतो. ‘एजिंग’चे भाषांतर शोधत बसण्याची गरज नाही.

थांबू शकणारे

मुरायला वेळ लागतो. तो कोण देऊ शकला?

दक्षिण बर्गंडीत शार्दोने नावाचे एक छोटे गाव आहे, द्राक्षाचे नाव त्याच्याशी जुळते. १९९९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून या द्राक्षाची कुंडली मांडली. एक पालक पिनो, बर्गंडीचे खानदानी द्राक्ष. दुसरा ग्वे ब्लाँ, गोरगरीब शेतकऱ्यांच्या बांधावरचे, कोणीही नाक मुरडावे असे. या दोघांच्या नैसर्गिक संकरातून शार्दोने जन्मले. जगातले सर्वांत प्रतिष्ठित पांढरे द्राक्ष निम्मे असे हलक्या कुळीचे निघाले, हे आपल्या समाजाने मुद्दाम ध्यानात ठेवावे.

बर्गंडीच्या मळ्यांना शिस्त लावली ती मठांनी. १०९८ साली सितो येथे स्थापन झालेल्या मठातल्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या एकेका तुकड्याचे द्राक्ष वेगळे ठेवून पाहिले. मठाला मुलीचे लग्न नव्हते, सावकार नव्हता, हंगाम संपताच पैसे उभे करण्याची निकड नव्हती. मठ मरत नाही, म्हणून मठ थांबू शकतो.

लाकडाचीही तीच कथा. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात फ्रान्सची जंगले शिस्तीत आणली, ती आरमारासाठी. त्याला युद्धनौकांना ओक हवे होते. त्रोंसे या जंगलाचे नाव आजही त्याच्याशी जोडले जाते. ओक तोडण्याजोगा व्हायला दीडशे-दोनशे वर्षे लागतात. तोवर लाकडी नौकांचा जमाना संपला आणि तयार ओक पिंपांच्या वाट्याला आले. तोडलेले लाकूडही लगेच वापरत नाहीत. ते फाकवून पट्ट्या काढतात आणि दोन-तीन वर्षे उघड्यावर ऊनपावसात वाळवतात. म्हणजे शार्दोनेच्या एका घोटात राजसत्तेने पेरलेली दोनशे वर्षे, सुतारवाड्यातली तीन वर्षे आणि तळघरातले एक वर्ष असते.

या मक्तेदारीला तडा गेला २४ मे १९७६ रोजी. पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणारे इंग्रज गृहस्थ स्टीव्हन स्पुरिअर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत पहिली आली नापा खोऱ्यातल्या शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्दोने. बर्गंडीच्या नामवंत मळ्यांना तिने मागे टाकले. त्यानंतर शार्दोने जगभर लावले गेले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तर ओकचा अतिरेक इतका झाला की ‘शार्दोने सोडून काहीही द्या’ अशी टूम निघाली. पिंप परवडत नाही तिथे ओकच्या चिपा टाकीत सोडून वास आणण्याची युक्तीही पसरली. ते म्हणजे कैरीला व्हिनेगर लावून तिला मुरलेले लोणचे म्हणण्यासारखे.

नारायणगाव ते अकलूज

महाराष्ट्रातल्या द्राक्षाचा इतिहास मात्र घाईचा आहे, आणि ती घाई शेतकऱ्याची हौस नव्हे. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल काढणी. अवकाळी पाऊस, गारपीट, डाऊनी, भुरी या सगळ्यांतून वाचलेला घड लवकरात लवकर पैशात बदलणे, हेच शहाणपण. माझ्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात तासगावकडे त्याचे रूप बेदाणा. थॉमसनची द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून रॅकवर टाकली की पंधरवड्यात माल तयार. सोलापूरच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’सारखा वाण निवडून काढला. असे प्रयोगशील शेतकरी या मातीत होते, बुद्धीची वानवा नव्हती. पण खाण्याचे द्राक्ष एकरी दहा-बारा टन येते आणि चांगल्या वाइनसाठी तीन-चार टनांवर समाधान मानावे लागते. हे गणित बागायतदाराला कोणी समजावायची गरज नाही.

शार्दोनेला इथे पहिले ठळक स्थान मिळाले ते जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात. शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक कंपनीचे तंत्रसाहाय्य घेऊन फेसाळती वाइन काढली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली. तिच्यात शार्दोनेचा वाटा होता. पण फेसाळत्या वाइनला द्राक्ष कोवळे, आंबट हवे असते. ओकच्या पिंपात मुरलेल्या शार्दोनेची कथा तिथे सुरू होत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकला ‘सुला’ सुरू केली. त्यांनी भर दिला तो सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ यांवर. या वाइन स्टीलच्या टाकीत तयार होतात, ताज्याच चांगल्या लागतात, काही महिन्यांत बाजारात जातात. दख्खनच्या उष्म्याला आणि नव्या उद्योगाच्या तिजोरीला हेच मानवणारे होते. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. नाशिकजवळ विंचूर आणि आमच्या शेजारी पलूस इथे वाइन पार्क झाले. बागायतदारांनी वाइनची द्राक्षे लावली. २००८ ची मंदी आली आणि चित्र फिरले. नारायणगावची कंपनी कर्जात बुडून अवसायनात गेली, कित्येक लहान वाइनरी बंद पडल्या. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. लहान दाणा, जाड साल, मोठी बी. अनेकांनी वेली उपटल्या.

याच सुमारास, २००७ च्या आसपास, सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ ‘फ्रातेल्ली’ उभी राहिली. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. तीन घरांतले भाऊ यात होते : इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या टापूत त्यांनी सुमारे २४० एकरांवर युरोपीय जातींचे मळे उभे केले. तोस्कानाचे पिएरो मासी वाइन घडवायला आले. शार्दोने इथे नीट रुजले, आणि ‘विताए’ या नावाखाली ओकमध्ये मुरवलेली शार्दोने बाटलीत उतरली. पुढे ‘एम/एस’ ही मालिका आली. एम म्हणजे मासी, आणि एस म्हणजे स्पुरिअर. १९७६ साली पॅरिसमध्ये बाटल्यांची नावे झाकणारे तेच स्टीव्हन स्पुरिअर. २०२१ मध्ये ते वारले. माळशिरस तालुक्यातल्या द्राक्षावर त्यांचे नाव लागले, ही गोष्ट आपल्या वृत्तपत्रांत फारशी कोणी लिहिली नाही.

उष्ण प्रदेशात शार्दोने जपावे लागते. साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. बागायतदारांच्या भाषेत, ब्रिक्स मिळते आणि आम्ल हातचे जाते. म्हणून उन्हे चढण्याआधी तोडणी, लगेच थंड करणे, आणि वर्षभर वातानुकूलित कोठी. बर्गंडीचे तळघर जे फुकट देते, ते इथे विजेच्या बिलात मोजावे लागते.

पाणी कुठे मुरते

हिशेब मांडून पाहू. सव्वादोनशे लिटरच्या एका पिंपात साडेसातशे मिलिलिटरच्या तीनशे बाटल्या बसतात. नवे फ्रेंच पिंप आठशे ते हजार युरोंच्या घरात जाते, आयात शुल्क आणि वाहतूक वेगळी. तीन-चार हंगामांत ते चव देईनासे होते. नव्या पिंपाची किंमत एकाच हंगामावर टाकली, तर तिचा बोजा बाटलीमागे युरोपातच सुमारे तीन युरोंचा. त्यात लाकडातून उडून जाणारी वाइन, कोठीची वीज आणि वर्षभर अडकलेल्या भांडवलाचे व्याज मिळवा. हंगामाच्या शेवटी सोसायटीचे कर्ज फेडणाऱ्या माणसाला यातले काय जमणार?

म्हणून या चवीचा महाराष्ट्रातला इतिहास हा भांडवलाचा इतिहास ठरतो. मठ थांबू शकले, राजा थांबू शकला, नापातले गुंतवणूकदार थांबू शकले. इथे परदेशी भागीदार आणि वजनदार घराणे एकत्र आले तेव्हाच थांबता आले. ज्या सहकाराने उसाला कारखाना दिला आणि दुधाला संघ दिला, त्याने द्राक्षाला कोठी दिली नाही. खुद्द बर्गंडीत आणि इटलीत लहान शेतकऱ्यांच्या सहकारी कोठ्या आहेत. शार्दोने गावाच्या आसपासच्या माकोने भागातली बरीच वाइन अशा कोठ्यांतूनच बाहेर पडते. वारणेच्या आणि गोकुळच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ही उणीव टोचल्याशिवाय राहत नाही.

दुसरे कारण कायद्यात आणि मनात आहे. महाराष्ट्रात वाइन आजही ज्या कायद्याखाली बनते आणि विकली जाते, तो १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि रान उठले. एक बाजू म्हणाली, ही शेतकऱ्याच्या हिताची. दुसरी म्हणाली, ही दारूच. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होतात हे खरेच आहे, आणि ते बोलणाऱ्यांना हसण्याचा अधिकार कोणाला नाही. पण त्या सगळ्या गदारोळात चवीविषयी कोणी एक वाक्य बोलले नाही. ज्या वस्तूबद्दल समाज फक्त ‘उत्पन्न’ आणि ‘पाप’ या दोनच शब्दांत बोलतो, तिच्यात दर्जा येत नाही. कारण दर्जा मागायलाही भाषा लागते.

ती भाषा आपल्यापाशी आहे, हे दाखवण्यासाठीच लोणी, बेरी, खोबरे, लवंग आणि गूळ यांचा इतका पसारा मांडला. ज्याने कधी घोटभरही घेतली नाही आणि घेणार नाही, त्यालाही या शब्दांवरून ती चव कशी असेल याचा अंदाज बांधता येईल. घेणाऱ्याला बाटलीवरच्या इंग्रजी स्तुतीपुढे मान तुकवावी लागणार नाही. आणि बागायतदाराला, आपले द्राक्ष नेमके कशासाठी कमी पिकवायचे आणि कोणी त्याचे पैसे वेळेवर द्यायचे, हे रोखठोक विचारता येईल. थांबण्याची किंमत आजवर बहुतेक वेळा वेल लावणाऱ्यानेच मोजली आहे, आणि मुरलेली चव दुसऱ्याच्या पेल्यात गेली आहे. ती किंमत वाटून घेणारी व्यवस्था कृष्णाकाठी उभी राहिली, तर पलूस-तासगावच्या पिंपातून काय बाहेर पडेल, याची मला उत्सुकता आहे.